कर्ता नसलेल्या घराची वांटणी

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास वांटणी म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. शेत मोजतां येतें, भांडीं तोलतां येतात, सोनें कांट्यावर घालतां येतें; पण देवघरांतले टाक, घराण्याचें नांव आणि पूर्वजांच्या हातची जमाखर्चाची वही कोणत्या भावाकडे जावी, हा प्रश्न निघाला म्हणजे शहाणींसुरतीं माणसेंही एकमेकांचीं तोंडें पाहीनाशीं होतात. आमच्या घरीं आजोबांच्या पिढींत वांटणी झाली तेव्हां जमिनीचा निकाल दोन दिवसांत लागला आणि टाकांचा निकाल लागावयास सहा वर्षें लागलीं, असें वडील माणसें सांगत.

गेल्या दिवाळींत सारें कुटुंब एकत्र जमलें असतां ही गोष्ट पुन्हा निघाली, तेव्हां संगणकाच्या धंद्यांत असलेला माझा पुतण्या मध्येंच म्हणाला, "काका, एक घर असें आहे कीं, त्याची वांटणी झाली तेव्हां प्रत्येक भावाला सगळीच्या सगळी इस्टेट मिळाली; आणि तरीही ते भांडतच राहिले." आमच्या वडील वहिनींनीं विचारलें, "मग त्या घरांत कर्ता कोण होता?" तो म्हणाला, "मोठ्या काकू, त्या घरांत कर्ताच नाहीं. सारें भांडण त्यापायींच."

त्या संध्याकाळीं त्यानें जें सांगितलें, आणि पुढें मीं स्वतः वाचून जें पडताळून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें. विषय ब्लॉकचेनचा आहे. हल्लीं घरोघरचीं तरुण माणसें त्यांत पैसे घालूं लागलीं आहेत, आणि वडील मंडळींस त्यांतला जुगार तेवढा दिसतो. जुगार आहेच, पण त्याच्या पोटांत एक जुना सामाजिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या परिचयाचा आहे.

प्रथम ही वही कशी असते तें पाहूं. एखाद्या गांवांत सावकार नाहीं, कुळकर्णी नाहीं, आणि गांवच्या सर्व देवघेवीची एकच वही प्रत्येक घरीं नकलून ठेविली आहे, अशी कल्पना करावी. कोणी कोणास कांहीं दिलें कीं तें सर्वांच्या नकलेंत चढतें. प्रत्येक नव्या पानाच्या माथ्यावर मागील पानाची एक गणिती मोहोर असते. त्यामुळें जुन्या पानावरचा एक आंकडा जरी कोणीं खोडला, तरी पुढच्या सर्व पानांच्या मोहरा बिघडतात आणि लबाडी उघडी पडते. नवें पान लिहिण्याचा मान कोणास मिळावा यासाठीं यंत्रांची गणितांची शर्यत लागते. ही शर्यत खेळणाऱ्यांस मायनर म्हणतात, आणि जिंकणाऱ्यास नवीन नाण्यांचें बक्षीस मिळतें. पान म्हणजे ब्लॉक. पानांची माळ म्हणजे ब्लॉकचेन.

अशी पहिली मोठी वही बिटकॉइनची. सातोशी नाकामोटो या नांवानें लिहिणाऱ्या कोणा एका व्यक्तीनें अथवा मंडळीनें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं तिचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं तिचें पहिलें पान लिहिलें गेलें. नाणीं २ कोटि १० लक्षांहून अधिक कधींच निघावयाचीं नाहींत, असा नियम त्यांतच गोंविला होता. हा मूळ पुरुष २०११ च्या सुमारास मागें कांहीं व्यवस्था न ठेवतां अदृश्य झाला. मृत्युपत्र नाहीं, पंच नाहींत, वडीलकीचा मान कोणाकडे तेंही ठरलेलें नाहीं.

मग नियम बदलावयाचा झाल्यास तो कोणीं बदलावा? आज्ञावली लिहिणारे प्रोग्रामर म्हणतात, आम्ही लिहितों म्हणून आम्हीं. मायनर म्हणतात, वीज आमची जळते. वहीची नक्कल घरीं ठेवणारे म्हणतात, आम्ही जें पान मान्य करूं तेंच पान. आणि पेढीवाले व्यापारी म्हणतात, नाण्याचा भाव आमच्या दुकानीं ठरतो. या चौघांपैकीं कोणीही दुसऱ्यावर सक्ती करूं शकत नाहीं. नवा नियम जुन्याहून कडक असला, तर जुने लोक नवीं पानें मुकाट्यानें स्वीकारतात आणि काम निभावतें. परंतु नवा नियम सैल असला, म्हणजे पूर्वीं निषिद्ध असलेली गोष्ट आतां चालेल असें तो म्हणूं लागला, तर जुने लोक तें पान नाकारतात. दोन्ही पक्ष हट्टास पेटले तर त्या पानापासून वहीस दोन फांटे फुटतात. या फाटाफुटीस तिकडे हार्ड फोर्क म्हणतात. आपल्याकडे वेगळी चूल मांडणें म्हणतात.

आतां मुख्य कथेकडे वळतों. २०१५ च्या ३० जुलैस इथेरियम नांवाची दुसरी वही सुरू झाली. तिची कल्पना मांडणारा व्हिटालिक बुटेरिन हा रशियांत जन्मलेला, कॅनडांत वाढलेला अवघ्या एकवीस वर्षांचा तरुण होता. या वहींत केवळ रकमाच नव्हे, तर करारही लिहितां येतात, आणि अट पुरी होतांच करार आपोआप अंमलांत येतो. नाण्याचें नांव इथर.

पुढल्याच वर्षीं, ३० एप्रिल २०१६ रोजीं, जर्मनींतील स्लॉक-इट या मंडळीनें लिहिलेली 'द डाओ' नांवाची एक संस्था या वहीवर उभी राहिली. संस्था म्हणावयाची एवढेंच. तिला कचेरी नव्हती, चिटणीस नव्हता, सही करणारा कोणी नव्हता. लोकांनीं तींत इथर घालावें, त्याबद्दल मताचे हक्क घ्यावे, आणि कोणत्या उद्योगास पैसा द्यावा हें मतानें ठरवावें, अशी योजना. जाहीर अटींत असेंही लिहिलें होतें कीं, संस्थेविषयींचीं सारीं स्पष्टीकरणें केवळ माहितीसाठीं आहेत. खरा करार म्हणजे ती आज्ञावलीच. महिन्याभरांत १ कोटि १५ लक्षांहून अधिक इथर तींत जमले. त्या वेळच्या भावानें ही रक्कम सुमारें १५ कोटि डॉलर होती, आणि अस्तित्वांत असलेल्या सर्व इथरपैकीं शेंकडा १४ च्या आसपास एकट्या या पेटींत होते.

या संस्थेंत अल्पसंख्याकांसाठीं एक दार ठेविलेलें होतें. बहुमतानें झालेला ठराव ज्यास पसंत नसेल त्यानें आपला हिस्सा उचलून वेगळी छोटी संस्था काढावी, अशी सोय होती. विचार उदार होता. पण दार बांधतांना कारागिराची एक चूक राहिली: हिस्सा देतांना रक्कम आधीं हातावर पडे, आणि खात्यावरून वजा मागाहून होई. मुनिमानें पैसे मोजून दिले, पण लेखणी अजून वहीस टेकली नाहीं, एवढ्यांत गिऱ्हाइकानें पुन्हा हात पुढें केला. मुनीम खात्याकडे पाहतो तों शिल्लक जशीच्या तशी! त्यानें पुन्हा दिले. १७ जून २०१६ रोजीं कोणा अज्ञात इसमानें या फटींतून पुन्हा पुन्हा हात घालून सुमारें ३६ लक्ष इथर काढून नेले. किंमत सुमारें ५ कोटि डॉलर. भल्या हेतूनें ठेविलेल्या मागील दारानें चोर यावा, हा दैवदुर्विलास आपल्याकडील जुन्या वाड्यांतही कांहीं अपूर्व नाहीं.

एक गोष्ट मात्र बरी झाली. करारांतील अटीमुळें काढलेली रक्कम चोराच्या छोट्या संस्थेंत जवळजवळ महिनाभर अडकून राहिली. त्याला ती लगेच खर्चितां येईना. इतर कांहीं जाणत्यांनीं त्याच फटीचा उपयोग करून उरलेला पैसा सुरक्षित जागीं हलविला. आणि मग सुरू झाला तो वाद.

एक पक्ष म्हणाला: चोरी ती चोरीच. हजारों लोकांनीं विश्वासानें पैसा घातला, चोर पेटीसकट आपल्या दृष्टीसमोर उभा आहे, पेटीस अजून कुलूप आहे. सर्वांनीं एकमतानें वहींत एक नोंद करून रक्कम मूळ मालकांकडे वळविली तर कोणाचें काय बिघडलें? दुसरा पक्ष म्हणाला: बिघडलें तें हेंच. वहीची सारी प्रतिष्ठा ती कोणाच्या सांगण्यावरून फिरत नाहीं यांत आहे. आज चोरासाठीं फिरवाल. उद्यां एखादें सरकार येऊन म्हणेल, अमुक माणसाचा पैसा काढून घ्या. तेव्हां कोणत्या तोंडानें नाहीं म्हणाल? करार हाच कायदा असें सांगून तुम्हीं पैसा घेतलात. मग करारानें जें होऊं दिलें त्यास चोरी म्हणण्याचा तुम्हांस अधिकार कोणता? त्या इसमाच्या नांवानें एक पत्रही प्रसिद्ध झालें. ही रक्कम मीं करारांतील सोयीनुसार रीतसर मिळविली आहे आणि ती हिरावल्यास मी कायद्याचा आश्रय घेईन, असा त्याचा आशय होता. पत्र खरें कीं बनावट हें कोणासही ठरवितां आलें नाहीं. पण त्यांतील युक्तिवादास सरळ उत्तर देणें लोकांस जड गेलें, हें खरें.

माझें मत विचाराल तर पैसा परत करणें योग्य होतें. परंतु निर्णय ज्या रीतीनें झाला ती रीत पाहिली म्हणजे दुसऱ्या पक्षाचा संताप समजतो. डाओच्या देखरेख-मंडळांत खुद्द बुटेरिन व त्या वर्तुळांतील इतर प्रतिष्ठित मंडळी यांचीं नांवें होतीं. म्हणजे पंचांचा तंट्याशीं संबंध होता. जुलैच्या मध्यास मत घेतलें गेलें. ज्याच्याकडे इथर अधिक त्याचें मत वजनदार, अशी ती पद्धत. मोजणींत शेंकडा ८७ च्या आसपास वजन परत करण्याच्या बाजूनें पडलें. पण मतांत उतरलेले इथर एकूण इथरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होते. शिवाय नव्या आज्ञावलींत मुख्य पर्याय असा ठेविला होता कीं, ज्यानें कांहींच सांगितलें नाहीं तो बदलाच्या बाजूचा समजावा. ज्या सभेंत गप्प बसलेल्यांचे हात वर धरले जातात, त्या सभेचा ठराव मान्य करावयास मन घेत नाहीं.

२० जुलै २०१६ रोजीं, १९ लक्ष २० हजाराव्या पानावर, नोंद फिरविली गेली. डाओमधील सारे इथर एका परतफेडीच्या करारांत आले, आणि शंभर हक्कांमागें एक इथर या हिशेबानें लोक आपापले पैसे नेऊं लागले. बहुतेकांस वाटलें, प्रकरण मिटलें. जुनी वही लिहावयास कोणी उरणार नाहीं. परंतु मूठभर मायनर त्याच जुन्या पानापुढें लिहीत राहिले. चारच दिवसांनीं अमेरिकेंतील पोलोनिएक्स या बाजारपेढीनें त्या जुन्या वहींतील नाण्याची खरेदीविक्री उघडली, आणि ज्यास प्रेत समजून लोक घरीं गेले होते तें उठून बसलें. त्याचें नांव इथेरियम क्लासिक.

माझा पुतण्या म्हणाला ती गंमत येथें आहे. मिताक्षरेप्रमाणें वांटणी म्हणजे एकाचे दोन तुकडे; येथें एकाच्या दोन नकला झाल्या. २० जुलैपूर्वीं ज्याच्याजवळ शंभर इथर होते, त्याच्याजवळ आतां नव्या घरांत शंभर आणि जुन्या घरांतही शंभर! मात्र द्रव्य दुप्पट झालें असें नव्हे, कारण नाण्याची किंमत त्यावर लिहिलेल्या आंकड्यांत नसते, तें स्वीकारणाऱ्या लोकांत असते. आणि माणसांची नक्कल काढतां येत नाहीं. वांटणी झाली ती माणसांची. शिवाय दोन्ही वह्यांत सही एकच चाले, त्यामुळें एका घरांत दिलेला पैसा दुसऱ्या घरांतही आपोआप दिला जाई. ही गफलत दूर होईपर्यंत कित्येकांचें, पेढ्यांचेंही, नुकसान झालें.

पुढें दोन्ही घरांस आपापल्या तत्त्वाची परीक्षा द्यावी लागली. नोव्हेंबर २०१७ मध्यें पॅरिटी या मंडळीच्या तिजोरीच्या आज्ञावलींत कोणा एकाच्या हातून भलतीच कळ दाबली गेली, आणि ५ लक्ष १३ हजारांहून अधिक इथर कायमचे कुलुपांत अडकले. ही चोरी नव्हती, आणि मालक कोण याविषयीं शंकाही नव्हती. त्या मंडळीचा प्रमुख गॅव्हिन वुड हा इथेरियमच्या संस्थापकांपैकींच एक. तरीही एप्रिल २०१८ च्या मतमोजणींत निम्म्याहून अधिक वजन विरुद्ध पडलें आणि वही फिरविली गेली नाहीं. २०१६ सालीं जें दिलें तें २०१८ सालीं नाकारलें. यास कोणी शहाणपण म्हणतील, कोणी पक्षपात. मला वाटतें, एकदां घर फुटल्याची आंच लागलेलीं माणसें दुसऱ्यांदां विस्तवाशीं जात नाहींत.

क्लासिकवाल्यांची परीक्षा अधिक कठोर झाली. वही कधींच फिरणार नाहीं म्हणून ज्यांनीं वेगळी चूल मांडली, त्यांच्याकडे मायनरांचें बळ थोडें राहिलें. निम्म्याहून अधिक बळ ज्याच्या हातीं येईल त्यास अलीकडचीं पानें पुसून नवीं लिहितां येतात. आणि जानेवारी २०१९ मध्यें, व पुन्हा ऑगस्ट २०२० मध्यें, परक्यांनीं नेमकें हेंच केलें. तत्त्व शुद्ध होतें. राखणदार कमी पडले.

बिटकॉइनच्या घरची भाऊबंदकी याच सुमारास चालली होती, आणि तिचें कारण पाहूं गेल्यास हास्यास्पद वाटतें: वहीचें पान केवढें असावें! सातोशीनें २०१० सालीं पानाची मर्यादा १ मेगाबाइट ठेविली होती. तींत सेकंदास फार तर सात नोंदी मावत. एक पक्ष म्हणे, पान मोठें करा, नाहींतर बाजारांत भाजी घेण्यास हें नाणें काय कामाचें? दुसरा म्हणे, पान मोठें केलें कीं वही मोठी होईल, वही मोठी झाली कीं ती सामान्य गृहस्थाच्या घरांत मावणार नाहीं, आणि मग नक्कल ठेवणारे दहापांच धनिकच उरतील. म्हणजे पुन्हा सावकारीच आली. दोन्ही पक्ष मूळ पुरुषाच्या लिखाणाचे आधार दाखवीत. गॅव्हिन अँड्रेसन यास सातोशीनें स्वतः कारभार सोंपविला होता, तो मोठ्या पानाच्या बाजूचा. पण त्याचेंही कोणीं ऐकलें नाहीं. त्याचा सहकारी माइक हर्न यानें जानेवारी २०१६ मध्यें हा प्रयोग फसला असें जाहीर करून आपलीं सारीं नाणीं विकलीं आणि घर सोडलें.

२३ मे २०१७ रोजीं न्यूयॉर्क येथें २२ देशांतील ५८ पेढ्यांनीं व मायनर मंडळ्यांनीं एक समेट जाहीर केला. पैसा व यंत्रबळ यांचा फार मोठा भाग त्यांच्या मागें होता. परंतु घरोघर नकला ठेवणाऱ्या साध्या लोकांना कोणीं विचारलें नव्हतें, आणि त्यांनीं उलट धमकी दिली: १ ऑगस्टपासून आम्ही आमचे नियम न पाळणारीं पानें मुळींच स्वीकारणार नाहीं. नेमक्या त्याच दिवशीं मोठ्या पानाच्या पक्षानें ४,७८,५५८ या पानापुढें फांटा फोडला आणि बिटकॉइन कॅश नांवाचें नवें घर मांडलें. त्याचें पहिलेंच पान दोन मेगाबाइटच्या घरांत जाणारें होतें. न्यूयॉर्कच्या समेटाचा उरलेला अर्धा भाग ८ नोव्हेंबर २०१७ रोजीं मागें घेण्यांत आला. ५८ पेढ्या हरल्या आणि बिनचेहऱ्याचे गृहस्थ जिंकले, असा याचा अर्थ पुष्कळांनीं लावला. तो थोडा भाबडा आहे; कारण बाजारांत भाव कोणत्या नाण्यास मिळतो याकडे मायनरांचा एक डोळा सदैव होताच.

बिटकॉइन कॅशचें घर पुढें १५ नोव्हेंबर २०१८ रोजीं फुटलें आणि २०२० च्या नोव्हेंबरांत पुन्हा फुटलें. एकदां उंबरा ओलांडण्याची संवय लागली कीं काय होतें, तें भाऊबंदकी पाहिलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. त्यांतील एका फांट्याचा पुढारी क्रेग राइट स्वतःसच सातोशी म्हणवीत असे. मार्च २०२४ मध्यें लंडनच्या हायकोर्टानें तो सातोशी नव्हे असा निकाल दिला. मूळ पुरुष परागंदा असला म्हणजे तोतये निघावयाचेच. पानपतानंतर भाऊसाहेबांचा निघालाच होता.

या साऱ्या तंट्यांत तीव्रतम भांडण पैशाविषयीं नसून नांवाविषयीं झालें. नक्कल दोघांस मिळाली, पण 'बिटकॉइन' अथवा 'इथेरियम' हें नांव एकासच मिळालें, आणि दुसऱ्यास शेंपटी लावून घ्यावी लागली. वास्तविक इथेरियमच्या प्रकरणांत नियम न बदलणारें जुनें घर तें क्लासिकच; तरी नांव गेलें बदलणाऱ्याकडे, कारण माणसें तिकडे गेलीं. बिटकॉइनमध्यें उलट घडलें. हें कोणत्या न्यायानें, असें मीं पुतण्यास विचारलें, तेव्हां तो नुसता हंसला.

तो चोर कोण याचा निर्विवाद शोध अद्यापि लागलेला नाहीं. लॉरा शिन या पत्रकार बाईंनीं २०२२ सालीं पुष्कळ माग काढून एका माणसाचें नांव घेतलें. त्यानें तें नाकारलें. परतफेडीच्या करारांतील कांहीं रक्कम तर मालकांनीं न नेल्यामुळें वर्षानुवर्षें तशीच पडून राहिली.

त्या संध्याकाळीं वहिनींनीं आणखी एक प्रश्न विचारला होता. "फांटा फुटला तो मागाहून, मग चोरीची नोंद कोणत्या घराच्या वहींत राहिली?" पुतण्या म्हणाला, दोन्ही. नव्या घरानें चोरी पुसून टाकली असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. १७ जूनचीं पानें दोन्ही वह्यांत अक्षरशः सारखीं आहेत. नव्या घराच्या वहींत पुढें १९ लक्ष २० हजाराव्या पानावर कोणाचीही सही नसतां रकमा हलल्या, आणि त्या पानाच्या कोपऱ्यांत इंग्रजींत 'डाओ-हार्ड-फोर्क' हीं अक्षरें मुद्दाम नोंदवून ठेविलेलीं आहेत. जुन्या घराच्या वहींत त्या पानावर विशेष असें कांहीं नाहीं.

त्यानें मोबाइलवर १७ जूनचें तें पान काढून वहिनींच्या हातीं दिलें. त्यांनीं चष्मा लावून तें वरपासून खालपर्यंत पाहिलें आणि म्हटलें, "यांत चोरी कोठें लिहिली आहे? नुसत्याच रकमा आहेत."